युद्धात हुकूमशाहीतले निर्णय नक्की घेतं कोण? (मुख्यतः जपान, १९४५)

पारावरचा

निवडणुकीच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं होतं की युद्धाच्या वेळी हुकूमशाही परवडली, एक माणूस ठरवतो आणि काम होतं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मला हे अजिबात पटत नाही. उदाहरण जपानचं घेतो, तारीख ९ ऑगस्ट १९४५. तीन दिवसांपूर्वी हिरोशिमा बेचिराख झालंय. सोव्हिएत रशियाने युद्ध पुकारलंय आणि त्यांच्या फौजा मांचुरियात घुसल्यात. सकाळी साडेदहाच्या सुमारास तोक्योत सहा जण बैठकीला बसतात: पंतप्रधान सुझुकी कांतारो, परराष्ट्रमंत्री तोगो शिगेनोरी, लष्करमंत्री अनामी कोरेचिका, नौदलमंत्री योनाई मित्सुमासा, लष्करप्रमुख उमेझु योशिजिरो आणि नौदलप्रमुख तोयोदा सोएमु. (तोगो वेगळा, तोजो वेगळा. सायपान बेट पडल्यावर जुलै १९४४ मध्येच पंतप्रधान तोजो पायउतार झाला होता.) बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी येते. तरी सहा जणांत तीन-तीन अशी फूट पडते ती पडतेच. सुझुकी, तोगो आणि योनाई यांचं म्हणणं, सम्राटाच्या स्थानाला धक्का लागणार नसेल तर पॉट्सडॅमच्या (दोस्त राष्ट्रांनी घातलेल्या शरणागतीच्या) अटी मान्य करून टाकू. उरलेल्या तिघांना आणखी तीन अटी हव्यात: शस्त्रं आमची आम्ही खाली ठेवू, युद्धगुन्हेगारांवर खटले आम्हीच चालवू, आणि परकी फौज देशात नको, आलीच तर नावापुरती. दुपारी मंत्रिमंडळ बसतं. रात्रीपर्यंत तिथेही तेच.

आता गंमत बघा. बहुमताने ठरवायची सोयच नव्हती, एकमत लागायचं. लष्करमंत्री आणि नौदलमंत्री हे सेवेत असलेलेच जनरल किंवा ॲडमिरल हवेत असा नियम १९०० साली आला, मध्ये शिथिल झाला आणि १९३६ मध्ये परत लागू झाला. म्हणजे लष्कराने आपला माणूस काढून घेतला आणि दुसरा दिलाच नाही की सरकार गडगडलं. जुलै १९४० मध्ये योनाईचंच मंत्रिमंडळ असं पाडलं होतं. दोन्ही सेनाप्रमुख तर पंतप्रधानाला बांधीलच नव्हते, ते थेट सम्राटाला उत्तरदायी. १९३७ मध्ये युद्धासाठी शाही मुख्यालय उभं राहिलं, त्यात मुलकी पंतप्रधानाला जागाच नव्हती.

थोडक्यात, ज्याला आपण लष्करी हुकूमशाही म्हणतो तिथे मोडता घालू शकणारे पाच-सहा जण होते. सगळ्यांना बांधून घेईल असा 'हो' मात्र कुणाच्याच हातात नव्हता. युद्धातली सत्ता शोधायची तर आधी अडवू कोण शकतं ते बघा, असं माझं म्हणणं. जाणकारांनी भर घालावी.

शंकेखोर

धागा चांगला, पण पायाच डळमळीत वाटतो. जपान हुकूमशाही होती का मुळात? संसद होती, निवडणुका होत्या, युद्ध चालू असताना पंतप्रधान बदलत होते. हिटलर बदलता आला असता का? तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंय.

पारावरचा

@शंकेखोर, संसद होती. निवडणूकही झाली, ३० एप्रिल १९४२ ला. सरकारी आशीर्वाद असलेल्या संघटनेने शिफारस केलेले उमेदवार ४६६ पैकी ३८१ जागांवर निवडून आले. सगळे पक्ष १९४० मध्येच गुंडाळले गेले होते. १९२५ च्या कायद्याखाली विचारांवरून लोकांना आत टाकणारे खास पोलीस होते. वर्तमानपत्रांत काय छापायचं ते वरून यायचं. मिडवेच्या समुद्री लढाईत चार विमानवाहू जहाजं बुडाली आणि जनतेला विजय झाल्याचं सांगितलं गेलं, वाचलेल्या खलाशांना वेगळं डांबून ठेवलं. याला हुकूमशाही म्हणायचं नसेल तर हरकत नाही, तुम्ही नाव सुचवा. फक्त तिचा एकच एक मालक नव्हता. म्हणूनच तर उदाहरण घेतलं.

तोक्योची_सून

त्या रात्रीबद्दल थोडं, कारण खरी मेख तिथेच आहे.

सम्राटासमोर बैठक बोलवायची तर निमंत्रणावर दोन्ही सेनाप्रमुखांच्याही सह्या लागायच्या. आणि रिवाज असा की आधी सगळ्यांचं एकमत करायचं, मग सम्राटासमोर फक्त मान डोलवायची. मतभेद घेऊन तिथे जायचंच नसतं. मंत्रिमंडळाचा मुख्य सचिव साकोमिझु हिसात्सुने याने दोन्ही प्रमुखांच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या. ऐनवेळी धावपळ नको, बैठक ठरली की कळवतोच, असं सांगून. त्या कोऱ्या सह्यांवर ९ तारखेला मध्यरात्रीच्या जरा आधी बैठक भरली, राजवाड्याच्या आवारातल्या भुयारी खोलीत. सेनाप्रमुख चिडले, पण आले. नेहमीसारखी चर्चा होईल आणि प्रकरण पुढे ढकललं जाईल असंच त्यांना वाटत होतं.

दोन तास तेच ते मुद्दे झाले. मग सुझुकी उठला. वय ७७. १९३६ च्या लष्करी बंडात गोळ्या खाऊन वाचलेला माणूस. मतमोजणी न करता त्याने सरळ सम्राटाचं मत विचारलं. सम्राट हिरोहितो म्हणाला, मी परराष्ट्रमंत्र्यांशी सहमत आहे. त्याने कारणही दिलं: तोक्योजवळच्या कुजुकुरी किनाऱ्यावरची संरक्षणाची कामं वेळेत होतील असं मला सांगितलं होतं, ती झालेली नाहीत. म्हणजे तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

यानंतरचा भाग लोक विसरतात. सम्राट बोलला म्हणजे निर्णय झाला असं घटनेत नव्हतंच. म्हणून पहाटे तीनच्या सुमारास मंत्रिमंडळ परत बसलं आणि तोच निर्णय 'मंत्रिमंडळाचा' म्हणून मंजूर केला. मग स्वित्झर्लंड आणि स्वीडनमार्फत तारा गेल्या.

२०१५ मध्ये राजवाड्याच्या खात्याने त्या खोलीचे फोटो प्रसिद्ध केले. जमीन कुजलेली, भिंतींचं लाकूड उखडलेलं. त्याच वेळी शरणागतीच्या भाषणाचं मूळ ध्वनिमुद्रणही खुलं केलं. ऐकून बघा, भाषा इतकी दरबारी आहे की त्या काळच्या लोकांनाही चटकन अर्थ लागला नव्हता.

उडाणटप्पू

कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवणारा सचिव! आपल्याकडच्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीत शोभला असता.

शंकेखोर

@तोक्योची_सून, माहिती उत्तम. पण यातून उलटंच सिद्ध होतं ना? एका वाक्यात युद्ध थांबवता येत होतं, तर अधिकार होताच त्याच्याकडे. 'बिचारा सम्राट, लष्कराच्या हातातलं बाहुलं' ही नंतर रचलेली गोष्ट आहे.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं, मंत्री मारले. लष्करातले वरिष्ठ घुटमळत होते. तेव्हा हेच हिरोहितो ठाम राहिले की हे बंडखोर आहेत, मोडून काढा. बंड मोडलं. ५ सप्टेंबर १९४१ ला लष्करप्रमुख सुगियामाला त्यांनी विचारलं की अमेरिकेशी युद्ध झालं तर किती दिवसांत आटपेल. तो म्हणाला, दक्षिणेकडचं काम तीन महिन्यांत. त्यावर सम्राट म्हणाले, तू १९३७ मध्ये लष्करमंत्री होतास, चीनचं प्रकरण महिन्याभरात मिटेल म्हणालास, चार वर्षं झाली. चीनचा मुलूख फार मोठा आहे, असं सुगियामा पुटपुटला. उत्तर आलं, चीन मोठा तर पॅसिफिक महासागर त्याहून मोठा नाही का? तेव्हाचा पंतप्रधान कोनोए याने हे नोंदवून ठेवलंय. इतकं नेमकं विचारू शकणारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या शाही बैठकीत आजोबांची, मेइजी सम्राटांची, शांततेवरची कविता वाचून दाखवतो आणि गप्प बसतो. युद्धाच्या तयारीचा ठराव मंजूर.

फेब्रुवारी १९४५ मध्ये कोनोएने लेखी विनवलं की युद्ध हरलोय, आता थांबवा. सम्राटांचं म्हणणं, आणखी एक मोठा विजय मिळाल्याशिवाय कठीण. त्यानंतर तोक्योवरच्या बॉम्बहल्ल्यांची आग, ओकिनावाची लढाई, हिरोशिमा. तेव्हा 'मोडता घालणारे अनेक' हे ठीक आहे, पण त्यात सगळ्यात मोठा मोडता कुणाचा होता तेही लिहा.

पारावरचा

हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा वजनदार झालाय. फेब्रुवारी १९४५ च्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, तिथे हिरोहितोला सूट देता येत नाही.

पण १९३६ आणि १९४५ मधलं साम्य बघा. दोन्ही वेळा नेहमीची यंत्रणा ठप्प झाली होती: एकदा पंतप्रधान बेपत्ता, एकदा तीन-तीन. म्हणजे अधिकार होता, पण बाकीचे अडले तरच तो वापरायची वाट खुली व्हायची. १९४१ मध्ये कुणी अडलेलंच नव्हतं. लष्कर, नौदल, मंत्रिमंडळ सगळे युद्धाच्या बाजूला घसरत चालले होते. एकमत चुकीच्या दिशेला झालं तर ते मोडायला सम्राट धजावला नाही. 'नव्हता अधिकार' आणि 'नाही वापरला' यातली रेघ मला तरी स्पष्ट ओढता येत नाही.

सातारकर_फौजी

आघाडीवर याचे काय हाल होतात ते इंफाळला दिसलं. आमच्या पलटणीचा संबंध आहे म्हणून जरा सविस्तर.

मार्च १९४४. जनरल मुतागुची रेन्या सुमारे ८५,००० माणसं घेऊन चिंदविन ओलांडून मणिपुरात. सोबत आझाद हिंद सेनेच्याही तुकड्या. रसद जेमतेम तीन आठवड्यांची. पुढे इंग्रजांचे साठे लुटून भागवू असा हिशेब. हाताखालच्या तिन्ही डिव्हिजन कमांडरांना योजना मान्य नव्हती. ती मंजूर कशी झाली याचा प्रसिद्ध किस्सा असा की तोजो आंघोळ करत होता आणि बाहेर उभ्या अधिकाऱ्याला आतूनच प्रश्न विचारून त्याने होकार दिला.

पहिली खीळ बसली सांगशाकला. ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, पाण्याचा थेंब नाही अशा टेकडीवर सहाएक दिवस अडून राहिली. तेवढ्या दिवसांत कोहिमा आणि इंफाळ सावरलं. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

आता धाग्याचा मुद्दा. जूनच्या सुरुवातीला मुतागुचीचा वरिष्ठ कावाबे त्याला भेटायला आला. मोहीम फसलीय हे दोघांनाही ठाऊक. माणसं उपासमारीने आणि हगवणीने मरतायत. दोघं बोलत बसले आणि माघारीचा विषय कुणीच काढला नाही! मुतागुचीने पुढे सांगितलं की माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखावं अशी माझी अपेक्षा होती. कावाबेचं म्हणणं, तो काही बोललाच नाही तर मी कशाला बोलू. माघारीचा हुकूम निघायला जुलै उजाडला. निम्म्याहून जास्त फौज मेली, जखमी झाली किंवा आजारी पडली.

कोहिमाचा सातो कोतोकु मात्र हुकूम धुडकावून आपली डिव्हिजन घेऊन मागे फिरला. त्याला कोर्ट मार्शल हवं होतं, म्हणजे सगळं बाहेर काढता आलं असतं. वरच्यांनी डॉक्टर आणले, डोकं ठिकाणावर नाही असं ठरवलं आणि खटलाच टाळला. खटला झाला असता तर पहिला प्रश्न आला असता, हुकूम कुणाचा होता?

फौजेत राहिलेला कुणीही सांगेल, चुकीचा हुकूम एक वेळ निस्तरता येतो. हुकूमच आला नाही तर जवानाने काय करायचं?

रेवा_वाचते

फौजीकाका, अंगावर काटा आला. सांगशाकवर वेगळा लेख लिहा ना.

आणि एक भाबडा प्रश्न. लष्कराला शरणागती नको होती तर १० ऑगस्टनंतर अनामीने नुसता राजीनामा दिला असता तरी सरकार पडलं असतं ना? मग दिला का नाही?

तोक्योची_सून

@रेवा, प्रश्न भाबडा बिलकुल नाही. त्याच्या कचेरीतल्या तरुण अधिकाऱ्यांचा, त्यात त्याचा मेव्हणा ताकेशिताही होता, हाच आग्रह होता: राजीनामा द्या किंवा आमच्या बंडाचं नेतृत्व करा. तो दोन्हीला 'हो'ही म्हणाला नाही आणि धड 'नाही'ही. १४ ऑगस्टला सम्राटाने परत शरणागतीच सांगितल्यावर त्याने मंत्रिमंडळात सही केली. इतरांसारखीच.

त्या रात्री मेजर हातानाका आणि त्याचे साथीदार राजवाड्यावर चालून गेले. शाही रक्षक डिव्हिजनचा प्रमुख जनरल मोरी साथ देईना, तर त्याला ठार मारून त्याच्या शिक्क्याचे खोटे हुकूम काढले. हजारभर सैनिकांनी राजवाडा वेढला, कारण कागदावर हुकूम बरोबर होता. सम्राटाच्या भाषणाच्या तबकड्या शोधत रात्रभर खोल्या उचकटल्या. दरबारी माणसाने त्या राणीच्या सेविकांच्या वापरातल्या एका खोलीत लपवल्या होत्या, त्या काही मिळाल्या नाहीत. पहाटे पूर्व विभागाचा सेनापती तानाका शिझुइची स्वतः आला, हुकूम खोटे आहेत म्हणून सांगितलं आणि बंड विरलं. अनामीने त्याच पहाटे पोट फाडून घेतलं. दुपारी बाराला भाषण प्रसारित झालं.

माझं मत: त्या आठवड्यात खरी सत्ता अनामीकडे होती, आणि त्याने ती न वापरता सोडून दिली. बाकी सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

उडाणटप्पू

इतर देशांचं काय? हिटलरने तर सगळं एकहाती ठेवलं होतं. १९ डिसेंबर १९४१ पासून भूदलाचा सेनापतीही स्वतःच. पूर्व आघाडी एका मुख्यालयाकडे, बाकीच्या आघाड्या दुसऱ्याकडे, आणि दोन्हींना जोडणारा फक्त हा. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत फौजा उतरल्या, मागे राखून ठेवलेल्या रणगाडा डिव्हिजन हलवायला वरची परवानगी हवी, आणि साहेब झोपलेले. परवानगी मिळेपर्यंत दुपार टळली.

स्टालिनने ३० जून १९४१ ला पाच जणांची समिती केली: तो, मोलोटोव्ह, वोरोशिलोव्ह, मालेन्कोव्ह, बेरिया. तिचा शब्द म्हणजे कायदा. सुरुवातीला तोही ऐकत नव्हता. कीव्ह सोडा म्हणणाऱ्या झुकोव्हला प्रमुखपदावरून काढलं आणि सप्टेंबरात कीव्हला लाखोंची फौज वेढ्यात गेली. पण तो शिकला. १९४२ च्या ऑक्टोबरात सेनापतींच्या डोक्यावरचे राजकीय कमिसार बाजूला केले, झुकोव्ह-वासिलेव्हस्कींचं ऐकायला लागला. हिटलर उलट्या दिशेने गेला. तेव्हा @पारावरचा, एकहाती हुकूमशाहीतही दोन तऱ्हा आहेत. तुमचा जपान तिसरीच तऱ्हा.

दुबईकर

इराण राहिला. इराकशी युद्धात मे १९८२ मध्ये खोर्रमशहर हे शहर परत मिळालं तेव्हाच थांबता आलं असतं. इराकमध्ये घुसायचं ठरलं आणि युद्ध आणखी सहा वर्षं चाललं. अंतिम शब्द सर्वोच्च नेते खोमेनींचा, यात वादच नाही. पण १९८८ च्या जुलैत युद्धबंदी स्वीकारताना त्यांनी जे गुप्त पत्र लिहिलं, ते तेव्हाचे संसदेचे सभापती रफसंजानी यांनी २००६ मध्ये बाहेर काढलं. त्यात क्रांतिरक्षकांच्या प्रमुखाची मागणी उद्धृत आहे: जिंकायचं तर २,५०० रणगाडे, ३०० लढाऊ विमानं वगैरे, आणि तरी पुढची पाच वर्षं विजयाची आशा नाही. रफसंजानींना महिन्याभरापूर्वीच सैन्याचे कार्यवाहक सेनापती नेमलं होतं. म्हातारबाबांसमोर कुठले आकडे, कुणी, कधी ठेवायचे हे ज्याच्या हातात, त्याच्याकडेही सत्ता असतेच की. युद्धबंदी स्वीकारणं म्हणजे विषाचा प्याला पिणं, हे खोमेनींचं प्रसिद्ध वाक्य त्यानंतरचं.

अभ्या_सदाशिव

आणि १९७१? याह्याखान राष्ट्राध्यक्षही, मार्शल लॉ प्रशासकही, सेनापतीही. तरी ढाक्यात नियाझी आणि गव्हर्नर मलिक रावळपिंडीकडून स्पष्ट उत्तर यायची वाट बघत बसलेले. १४ डिसेंबरला आपल्या विमानांनी गव्हर्नर हाउसवर बॉम्ब टाकले आणि मलिकने तिथेच राजीनामा लिहिला.

पारावरचा

१९७१ इथे सुरू केलं तर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि जपान बाजूला पडेल. वेगळा काढ, मी येतो.

शंकेखोर

जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या तोक्यो खटल्याचा उल्लेख झाला नाही. ३१ डिसेंबर १९४७ ला तोजो साक्षीत बोलून गेला की सम्राटाच्या इच्छेविरुद्ध कुठलाही जपानी काही करणार नाही. सरकारी पक्षाचीच तारांबळ उडाली, कारण जपानमधला दोस्तांचा सर्वोच्च सेनापती मॅकआर्थर याला सम्राट आरोपी नको होता. आतून निरोप गेले आणि ६ जानेवारीला तोजोने साक्ष सावरून घेतली: सम्राटांनी नाइलाजाने संमती दिली. म्हणजे निर्णय कुणाचा होता, हे शेवटी जिंकणाऱ्यांच्या सोयीने ठरलं.

आपले राधाविनोद पाल या खटल्यात न्यायाधीश होते. त्यांनी सगळ्यांना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र लिहिलं. त्यासाठी तोक्योतल्या यासुकुनी या युद्धमृतांच्या देवळात त्यांचं स्मारक आहे. पालांचा आधार घेऊन जपानचे अत्याचार झाकणारे लोक मला आवडत नाहीत, पण तो वेगळा विषय.

रेवा_वाचते

वाचनखूण साठवली. शेवटचा प्रश्न: सुझुकी-तोगोला शांतता हवीच होती तर ऑगस्टपर्यंत करत काय होते?

पारावरचा

मॉस्कोच्या दारात बसले होते. ८ जूनच्या शाही बैठकीत शेवटपर्यंत लढायचा ठराव झाला होता. २२ जूनला सम्राटाने त्याच सहा जणांना बोलावून सांगितलं की युद्ध संपवण्याचाही विचार करा. मग ठरलं की रशियाने मध्यस्थी करावी, कोनोएला दूत म्हणून पाठवू. मॉस्कोतला राजदूत सातो नाओताके पुन्हा पुन्हा तार करत होता: नेमक्या अटी काय आहेत ते सांगा, नुसत्या सदिच्छांवर रशियन भाव देणार नाहीत. तोगो अटी पाठवू शकत नव्हता. अटी लिहायच्या तर सहा जणांचं एकमत हवं, आणि विषय काढला असता तर अनामी-उमेझु तिथेच अडले असते. म्हणून जुलैभर तारा गेल्या त्या मोघमच. (अमेरिकन त्या सगळ्या फोडून वाचत होते, तो भाग निराळाच.) ८ ऑगस्टला मोलोटोव्हने अखेर भेटीची वेळ दिली. सातो कोनोएच्या दौऱ्याबद्दल विचारायला गेला होता, मोलोटोव्हने त्याला युद्धाची घोषणा वाचून दाखवली.

@अभ्या_सदाशिव, १९७१ चा धागा काढलास की इथे दुवा दे. फौजीकाका, सांगशाकचं मनावर घ्या.